घाणकिडी आणि नाकोबा

एक होती खिडकी. खिडकीच्या आत राहायची एक सासू, तिची सून आणि दोघींच्या मध्ये सापडलेला सासूचा लेक. खिडकीच्या बाहेर, घेवड्याच्या वेलावर राहायचो आम्ही. मी एक घाणकिडी बोलतेय. नाव ऐकून नाक मुरडलंत ना? मुरडा. माझी सगळी कथाच नाकाची आहे.

घेवड्याच्या पानाच्या पाठीवर आईने अठ्ठावीस अंडी चिकटवली आणि ती निघून गेली. मी त्यातलीच एक. जन्मले तीच भीतीत. सून रोज सकाळी वेलाशी वाकायची, एकेक पान उलटं करून बघायची आणि अंडी दिसली की नखाने खरवडून साबणाच्या पाण्यात टाकायची. शेजारच्या पानावरची माझी मावसभावंडं अशीच गेली. आमचं पान कुंपणाआड होतं म्हणून वाचलं. तिला तरी बोल कसा लावू? आम्ही कोवळ्या शेंगांत सोंड खुपसून रस प्यायचो, शेंगा वाकड्या व्हायच्या. पोट तिलाही होतं, मलाही.

आम्हाला ना नांगी, ना दात. आहे तो एक वास. कुणी चिमटीत धरलं की तो सोडायचा. धरणारा शी शी करत हात झटकतो, आपण जीव घेऊन पळायचं. एवढीच आमची ढाल.

थंडी पडली तशी मी चौकटीच्या फटीतून आत शिरले आणि पडद्याच्या घडीत बसले. आम्ही बाराजणी होतो. ऊब होती, पण जिवाला थारा नव्हता. एकदा सुनेने एकीला चपलेखाली चिरडलं. घरभर वास!

सासू ओरडली, "अगं, चिरडायचं नसतं त्यांना! बरणीत साबणाचं पाणी घे, खालून धर आणि वरून टिचकी मार. आपोआप पडतात."

"मला नाही जमायचं, आई. मळमळतं."

"मग त्याला सांग. त्याला कुठे वास येतोय?"

हे ऐकलं आणि माझे सहाच्या सहा पाय गार पडले.

त्याचं असं झालं होतं. सासूचा लेक चहाच्या गोदामात चहा पारखायचा. मूठभर पत्ती नाकाशी धरली की कुठल्या पेटीला ओल लागलीय ते सांगायचा. सगळे त्याला नाकोबा म्हणायचे. पण महिन्यापूर्वी ताप आला आणि त्याचं नाक गेलं. म्हणजे होतं जागेवरच, कामातून गेलं. गोदामाच्या मालकाने सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत थांबतो, मग दुसरा माणूस बघतो." ते घर भीतीने अर्धं झालं होतं. आणि आता तोच माणूस बरणी घेऊन आमच्याकडे यायला लागला. वासाने न पळणारा माणूस!

टप. टप. रोज दोघी-तिघी जात. प्रत्येकीने जाताजाता जीव तोडून वास सोडला. हा आपला दगडासारखा उभा. सून नाकाला रुमाल लावून दारातून विचारायची, "अहो, जरासुद्धा येत नाही?"

"आला असता तर हातात बरणी धरली असती का मी?"

रविवारी दुपारी त्याने चौकटीच्या सगळ्या फटी पुट्टीने बुजवल्या. बाहेरची वाट संपली. आत उरले मी एकटी. त्याने पडदा झटकला. मी कापडाला घट्ट धरून बसले. त्याने टिचकी मारली, तरी सुटले नाही. मग त्याने चिमटीतच उचललं. खाली बरणी, बरणीत माझ्या बहिणी तरंगत होत्या. भीतीने मी होता नव्हता तेवढा सगळा वास सोडला आणि त्याच्या अंगठ्याच्या नखाला मिठी मारली. ही काय सुटत नाही, म्हणून त्याने मला डोळ्यांजवळ नेलं. अगदी नाकापाशी.

तो थांबला.

"आई, कोथिंबीर चिरतेयस का गं?"

"कोथिंबीर? घरात काडी नाही."

"मग चुरगळल्यासारखा वास... देठासकट..."

सासू धावत आली. "अरे मेल्या, ती किडी आहे! तिचा वास तसाच असतो!"

त्याने पुन्हा मला हुंगलं. "शी!" म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. सुनेने चहाचा डबाच त्याच्या नाकाखाली धरला. "हे सांगा."

"वरची पत्ती नवी, खाली जुनी. झाकण उघडं राहिलं होतं."

"अगबाई! मीच विसरले होते!"

सासू म्हणाली, "बरं, टाक आता तिला बरणीत."

"हिला? औषधांनी झालं नाही ते हिने केलं, आई."

त्याने मला अंगणातल्या लाकडांच्या खोपटात, फळ्यांच्या सांदीत ठेवलं. सून मागून म्हणाली, "पण घेवड्यावर दिसली तर गाठ माझ्याशी!"

अजून तिथेच आहे मी. पाऊल वाजलं की आक्रसते. बाबांनो, फटी बुजवा, पानं उलटून बघा, घर तुमचं आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवा, ज्याला तुम्ही घाण म्हणता ती आमची भीती असते.

सोमवारी नाकोबा कामावर गेला. दिवसभर सासू-सून फाटकाशी येऊन जाऊन होत्या. तो दिसला तशी सासूने लांबूनच विचारलं, "काय रे?"

"एक पेटी ओलसर निघाली, आई!"

ओली पेटी निघाली म्हणून इतकं हसलेलं घर मी दुसरं पाहिलं नाही.