सभासदाचा फोटो

टेकचंदचा उजवा हात लुळा पडला आणि आठवड्याभरात त्याच्या पत्नी राधाबाई मागावर बसल्या. कोशाचं रेशमी सूत संस्थेतून टेकचंदच्या नावावर यायचं, साडीही त्याच्याच नावावर जायची. याला सहा वर्षं झाली. विणकर संस्थेचे अध्यक्ष वासुदेवराव यांना हे ठाऊक होतं, भंडाऱ्यातल्या झाडून सगळ्या विणकरांना ठाऊक होतं. फक्त कागदाला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

मग वासुदेवरावांच्या मनात आलं, संस्थेचं फेसबुक पेज काढायचं. काम पडलं स्वातीच्या गळ्यात. स्वाती संस्थेतली नवी कारकून, उत्साही पोर. पेजवर आधी संचालक मंडळाच्या सहा पुरुषांचा हार घातलेला फोटो गेला. तो पाहिला कोणी? त्याच सहा पुरुषांनी. चौथ्या दिवशी स्वाती राधाबाईंच्या दारात उभी.

"काकू, तुमी विणता तसा फोटो काढू द्या न. साडी कोण विणते, हे लोकायले दिसू द्या."

"माह्या फोटोत काय पाह्याचं हाये?" राधाबाई म्हणाल्या खऱ्या, पण आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आल्या. खोटं कशाला बोला, त्यांना तो फोटो हवाच होता. करवती किनारीचे दात त्यांच्या हातून एकसारखे उतरायचे आणि शाबासकी टेकचंदला मिळायची.

स्वातीने फोटोखाली लिहिलं, "राधाबाई, आमच्या करवती साडीच्या विणकर." संध्याकाळी शेजारणी मोबाइल घेऊन आल्या. राधाबाईंनी स्वतःचं नाव तीनदा वाचून घेतलं. टेकचंदनेही पाहिलं, "बरा आला," म्हणाला.

दोन दिवसांनी वरच्या ऑफिसातून वासुदेवरावांना फोन आला. ही बाई सभासदांच्या यादीत कुठे आहे? सूत ज्याच्या नावावर, विणायचं त्यानेच, हा नियम माहीत नाही का?

वासुदेवराव स्वातीला घेऊन तरातरा आले. "नाव टाकाले कोणी सांगतलं होतं? आता टेकचंदचं सूत बंद करावं लागते."

राधाबाई मागावरून उठल्या. माग थांबला की चूलही थांबणार. "मंग मलेच सभासद करून घ्या न, भाऊ. सहा वर्सांपासून मीच तर विणून राहिली."

"एका घरी एकच सभासद. टेकचंद जिता हाये न अजून. तो गेल्यावर लागते तुमचं नाव."

हे ते टेकचंदच्या खाटेशी उभं राहून बोलले. टेकचंदने भिंतीकडे तोंड फिरवलं. राधाबाईंना त्या क्षणी वासुदेवरावांचा, संस्थेचा, त्या मोबाइलचा, सगळ्यांचा संताप आला. पण संतापाने सूत मिळत नाही.

तोड वासुदेवरावांनीच काढली. तो फोटो काढून टाकायचा आणि टेकचंदचा मागावर बसलेला टाकायचा. वरच्यांना विणणारा सभासद दिसला की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाईंनी नवऱ्याला इस्त्रीचा सदरा घातला, धरून मागावर बसवलं, त्याच्या उजव्या हातात आडवं सूत टाकायचा धोटा दिला. हात घसरून मांडीवर पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. शेवटी त्या स्वतःच मागाच्या बाजूला खाली बसल्या आणि त्याचं कोपर खालून उचलून धरलं.

"बाई, तुमचा हात दिसून राहिला," वासुदेवराव म्हणाले.

राधाबाईंनी हात विणलेल्या कापडाखाली घेतला. टेकचंदचे डोळे भरले होते. "काकाजी, राहू द्या न," स्वाती पुटपुटली.

"काढ तू."

तिने काढला. खाली वासुदेवरावांनी सांगितलं ते लिहिलं, "टेकचंद, चाळीस वर्षांचा अनुभवी हात." संध्याकाळपर्यंत दोनशे जणांना तो हात आवडला.

सूत आलं. राधाबाईंनी धोटा उचलला, मग खाली ठेवून उठल्या आणि सहा वर्षांत पहिल्यांदा आतून दाराला कडी लावली, आणि मगच विणायला बसल्या.