झालरीखालचा थर

मोठ्या बाई, तुम्ही त्या पोरीला फसवलंत. मुख्याध्यापिकेला असं तोंडावर बोलू नये, हे मला कळतं. पण मी लाकडाची आहे. मला तुम्ही वर्गाबाहेर उभं करू शकत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी उड्यांची पेटी आहे. धावत यायचं, माझ्या पाठीवर हात टेकायचे आणि पाय फाकवून पलीकडे उडी मारायची. सुतारानं मला पाच थरांची केली. थर चढवले की मी उंच, काढले की बुटकी. नवी होते तेव्हा माझ्या चामडी गादीवर हात फिरवायला पोरं भांडायची. पुढे चामडं उसवलं. कोणीतरी माझ्या पोटात केळीची सालं कोंबली. त्याचं मला काही नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

एका आजारपणात त्या मुलीचा डावा पाय बारीक राहिला होता. मुलं तिला गोगलगाय म्हणायची. "सरका रे, गोगलगाय निघाली! घंटा होईपर्यंत पोचेल." पहिल्यांदा ती धावत आली आणि मला मिठी मारूनच थांबली. सगळे खो खो हसले.

खेळाचे सर हसले नाहीत. त्यांचा एक नियम होता : ज्यानं उडी मारायची, त्यानंच थर चढवायचा. तिनं दोन थरांपासून सुरुवात केली.

"सर, हात टेकतात, पण पाय येतच नाहीत."

"मग बोलाव त्यांना. जोरात बोलाव."

ती खरंच ओरडली, "या रे!" आणि स्वतःच हसत सुटली.

ती पडली, कोपरं सोलून घेतली, रडली, नाक पुसून पुन्हा रांगेत उभी राहिली. "बस कर, पेटी दमली," सर म्हणायचे. "मी नाही दमले," ती म्हणायची. प्रत्येक थर तिनं स्वतः उचलून चढवला. पाचवाही. आणि एक दिवस ती पाचही थरांवरून पलीकडे गेली. मग रोज जाऊ लागली. गोगलगाय म्हणणारे आता तिच्यामागे रांग लावायचे.

मग शाळेत पाहुणे येणार आणि ती त्यांच्यापुढे उडी मारणार, असं ठरलं.

"सर, ती तोंडावर आपटली तर?" त्या दिवशी सकाळी मोठ्या बाई म्हणाल्या. "एक थर काढा."

"बाई, ती रोज जाते पाचांवरून."

"आणि आज नाही गेली तर? बिचारीचा पाय बघा जरा."

"बरं, मग तिला तसं सांगतो."

"काही सांगू नका, हट्ट धरेल. झालर लावा, कळणारही नाही."

सरांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या हातानं माझा थर काढला. भोवती निळी झालर लागली. मी नटले. आज त्या नटण्याची मला किळस येते.

ती धावत आली. तिचं अंग पाच थर शिकलं होतं. तिच्या हातांनी मला नेहमीच्या उंचीवर शोधलं. मी तिथं नव्हते. तोल गेला, मनगट मुरगळलं, हनुवटी गादीवर आपटली आणि ती कडेला कोसळली.

"अरेरे!" कुणीतरी पाहुणा म्हणाला.

बाईंनी तिला उठवलं. "असू दे गं बाळा. प्रयत्न केलास, तेच मोठं."

तिनं सरांकडे बघितलं. "सर, मला रोज जमतं ना?"

सर शिट्टीच्या दोरीशी चाळा करत राहिले.

मनगट बरं झालं. पण आता खेळाच्या तासाला ती बाकावर बसते. परवा सर तिला म्हणाले, "चल, दोन थरांवर बघू." ती म्हणाली, "नको सर. आधी चुकूनच जमलं असेल." आणि तिनं बारीक पाय बाकाखाली ओढून घेतला. पूर्वी ती तो कधीच लपवत नव्हती.

मित्रांनो, कोणाला हात द्यायचा असेल तर आधी विचारा. न विचारता केलेली दया लाथेपेक्षा जोरात लागते.

मला वाचा असती तर मीच तिला सांगितलं असतं. वाचा तुम्हाला आहे, मोठ्या बाई. सर, तुम्हालाही आहे. चूक तिच्या पायाची नव्हती, हे त्या पोरीला तुमच्यापैकी कोण सांगणार? आणि कधी? बोला.