डिस्क बदलून काय होतं

झुलीखाने चादरीची गाठ सोडली आणि आतला कॉम्प्युटर काउंटरवर सरकवला. तिसऱ्या मजल्यावरून खाली, मग उतार, मग सगळा बाजार ओलांडून तिने तो पोटाशी धरून आणला होता. 

"हा घे. याला ती नवी डिस्क बसव. एसएसडी. आणि आजच दे."

बूअलामने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. दुकान टाकायच्या आधी तो त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा, आणि झुलीखाच्या हातची मिठाई खाऊनच त्याचं पोट सुटलं असं त्याची बायको म्हणायची.

"मावशी, तू कशाला उचलून आणलास? तुझ्या नधीरचे हात काय झिजले असते?"

"त्याला ठाऊकच नाही. सकाळपासून बाहेर आहे. परत येईल तेव्हा बसवलेली दिसेल. कित्येक दिवस माझ्या मागे लागलाय, डिस्क घे, डिस्क घे. लग्नाच्या मिठाईचे पैसे आले, म्हटलं चला."

जगभरच्या आया पोरांच्या गेमला शिव्या घालत असतील. अन्नाबा बंदरातल्या त्या बिल्डिंगमधल्या आया मात्र गेमला दुवा देत. तळमजल्यावरचा रमझी वसंतात होडीत बसून चोरून समुद्रापलीकडच्या सार्डिनियाकडे निघाला आणि त्यानंतर त्याचा एक फोन आला नाही, तेव्हापासून ही रीतच पडली होती. मुलाच्या बंद खोलीबाहेर कॉफीचा कप घेऊन उभं राहायचं आणि कान द्यायचा. दाराआड गोळ्यांचा धडधडाट ऐकू आला की त्यांचा जीव भांड्यात पडे. गोळ्या सुटताहेत म्हणजे पोरगा घरात आहे.

पण हल्ली नधीरच्या खोलीतल्या गोळ्या मधेच थांबत. मग एक शिवी ऐकू येई, खुर्ची सरके, आणि तो धक्क्यावरच्या त्या रिकामटेकड्या पोरांकडे निघून जाई. नवरा दक्षिणेत तेलविहिरींवर, महिन्यातून एकदा घरी येणार. हे सगळं झुलीखालाच निस्तरायचं होतं. गेम अडकला नाही तर पोरगा उठणार नाही, इतका साधा हिशेब तिने मांडला होता.

"अडकतो म्हणजे कधी?" बूअलामने विचारलं. "सुरू होताना की खेळताना?"

"खेळताना. ऐन मारामारीत. माणसं जागच्या जागी धावत राहतात, आणि मग बघावं तर हा मेलेला."

"मग ते नेट आहे, मावशी. त्यात डिस्कचा काही संबंध नाही. डिस्क बदलली की गेम पटकन उघडेल, नकाशे लवकर येतील, इतकंच. पुढचा खेळ चालतो तो तारेवर. तुमच्या गल्लीतल्या खांबावरचा डबा कुजून गेलाय. तू सोन्याची डिस्क आणलीस तरी अडकायचं ते अडकणारच."

"पण तो म्हणाला, हीच पाहिजे म्हणून."

"कोण म्हणाला?"

"नधीर. दुसरं कोण?"

 नधीर दोन उन्हाळे याच काउंटरमागे उभा होता. नेट धड नसलेलं गिऱ्हाईक डिस्क मागायला आलं की तोच त्याला परत पाठवायचा, आणि बूअलामच्या धंद्याची वाट लावायचा. हे सगळं आठवून बूअलामला हसू यायला हवं होतं. त्याने स्क्रू काढायला घेतले.

बाजूचं झाकण निघालं आणि त्याचा हात थांबला. आत धुळीचा कण नव्हता. पंख्याची पाती चकचकीत होती, तारा नव्या पट्ट्यांनी नीट बांधलेल्या होत्या.

"हे कधी साफ केलं त्याने?"

"परवा." झुलीखाच्या आवाजात कौतुक होतं. "दिवसभर बसला होता. मिठाईला तूप लावायचा माझा ब्रश पळवला मेल्याने. स्वतःचं ताट कधी उचललं नाही, आणि हे बघ कसं लख्ख केलंय."

बूअलामने काउंटरमागचं स्टूल तिच्याकडे ढकललं.

"बस, मावशी."

"बसायला नाही आले मी. कणीक भिजवायचीय."

"बस तर."

ती बसली. त्याने स्क्रूड्रायव्हर तळहातावर एकदा फिरवला, दोनदा फिरवला.

"नवी डिस्क असली ना, की बटण दाबल्या दाबल्या मशीन उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, कालच खोक्यातून काढलंय. किंमत चढते."

"बघणारा कोण?"

"घेणारा."

 झुलीखाने फार हळू आवाजात विचारलं, "रमझीनेही बसवून घेतली होती?"

"घेतली होती. होडीवाल्याचे पैसे भरायला मशीन विकलं त्याने. नंतर त्याच्या मागे आणखी काही पोरं आली."

दुकानासमोरच्या गल्लीच्या टोकाला समुद्राचा एक तुकडा दिसतो. त्यावर आज एक सुरकुती नव्हती. कोपऱ्यावरचा सार्डिनवाला गिऱ्हाइकाला खुशीत सांगत होता, समुद्र तेल झालाय, तेल. शांत समुद्राला इथे तसंच म्हणतात. पूर्वी हे ऐकून बायका मासळी स्वस्त होणार म्हणून पिशवी घेऊन निघत. हल्ली त्याचा अर्थ एकच, आज रात्री होड्या निघणार.

"डिस्क बसवू नकोस," ती म्हणाली. "याला बिघडव."

"मावशी, असं कसं..."

"कायमचं नको. सुरू होऊ नये, एवढं कर. बंद मशीन कोण घेईल?"

बूअलामने आतली एक हिरवी पट्टी अंगठ्याने सोडवली आणि कागदात गुंडाळली. "ही मेमरी. ही नसली की पंखा फिरेल, पण पडदा काळाच राहील. एवढं मात्र सांगतो, झाकण उघडलं की त्याला लगेच कळणार. मीच शिकवलंय त्याला."

"कळू दे की. मागायला माझ्याकडेच येईल ना? आला की दार लावून घेते आणि त्याला समोर बसवते."

वाटभर ती मनातल्या मनात बोलत होती. बापाला बोलावून घेईन, मामाला सांगून बंदरात चिकटवून घेईन, नाहीतर मिठाईचं दुकान काढू, तू गल्ल्यावर बस. ओझं तेवढंच होतं, पण चढावर ती एकदाही थांबली नाही.

सूर्य मावळायच्या आधी नधीर आला. झुलीखा स्वयंपाकघरात परातीसमोर बसली होती. खोलीत बटण दाबल्याचा आवाज झाला, पंखा फिरू लागला. ती शिवीची वाट बघत होती. शिवी आली नाही. स्क्रू निघाल्याचा बारीक आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग तेच स्क्रू पुन्हा घट्ट बसवल्याचा आवाज आला.

कागदाची पुडी तिच्या झग्याच्या खिशात होती. ती वरून चाचपत तिने दाराकडे डोळे लावले.

नधीर फोनवर बोलत होता. "मी बोलतोय. नाही, मशीनचं नाही जमत... नाही रे, आईला कळलंय... नाही, ओरडली नाही." मग तो ऐकत राहिला. "खरंच? सगळे मिळून माझे पैसे भरताय? ... बरं. मग ठरल्याप्रमाणे."

तो आत आला. त्याने तिच्याकडे काहीच मागितलं नाही. पातेल्यातला शोरबा स्वतः वाढून घेतला आणि ओट्यापाशी उभ्यानेच पावाचे तुकडे बुडवून खाऊ लागला.

"झकास झालाय."

"नधीर, बस इथे. मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल ना, ऐकतोय."

वाटेत ठरवलेलं सगळं तिने बोलून टाकलं. बाप, मामा, बंदर, दुकान. तो मान हलवत होता, मधेच हसतही होता. मग त्याने वाडगा नळाखाली धरला, घासला, पालथा घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भांडं घासताना पाहून तिला रडू फुटायचं बाकी होतं. एवढ्या उकाड्यात त्याने जाड जाकीट घातलं होतं.

तो वाकला आणि रुमालावरून तिच्या डोक्यावर त्याने ओठ टेकवले.

"यम्मा, माझं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल."

मीठ दे म्हणावं तसं तो ते सहज म्हणाला. हजला जाणारा, पलटणीत जाणारा, लांबच्या वाटेला लागणारा कुणीही आईकडून हा शब्द घेतल्याशिवाय या गावातून निघत नाही. आईने "घातलं, जा" म्हणायचं असतं. होडीतली पोरं म्हणे निघताना एकमेकांना विचारून घेतात, आणि ज्याला आईचा शब्द मिळाला नाही त्याला कुणी होडीत चढू देत नाही. म्हणून पोरं ते असं येताजाता मागतात, आईचं लक्ष नसताना. रमझीच्या आईने शेवया गाळता गाळता म्हणून टाकलं होतं. आता ती जिन्यात बसलेली असते आणि वर जाणाऱ्या प्रत्येकीला सांगते, मी वळूनसुद्धा पाहिलं नाही गं.

झुलीखा वळली.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"नाही घालत पोटात. आज नाही, उद्या नाही. तुझी एकूण एक चूक जन्मभर धरून ठेवेन."

नधीर हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

"यम्मा, नुसतं म्हणायचंय. रीत असते."

"रीत मलाही माहीत आहे."

खालून कुणीतरी शीळ वाजवली. नधीर दारापाशी गेला, कडीवर हात ठेवला आणि तिथेच उभा राहिला. दुसरी शीळ झाली.

"यम्मा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "म्हण ना."

लहानपणी अंधारात पाणी मागायचा तोच आवाज होता. झुलीखाने दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत रोवले आणि ओठ घट्ट मिटून घेतले.