शिट्टीला पडलेली मतं

एक होते सहादेव सुभेदार, एक त्यांची कारभारीण राहीबाई, एक त्यांच्याच घरात वाढलेला पुतण्या वैजनाथ, आणि सुभेदारांच्या गळ्यात लोंबणारी मी. मी शिट्टी बोलतेय. अंगानं पितळेची, पोटात बुचाचा मणी.

जन्म माझा मेरठचा, पण मला आवाज दिला सुभेदारांनी, कारगिलच्या डोंगरात. तोफा धडधडत असायच्या आणि माझ्या हाकेसरशी त्यांचे जवान उठायचे, बसायचे. पुढं ते निवृत्त होऊन तिसगावच्या अलीकडं आपल्या गावी आले. ट्रंकेतून मीही आले. गावानं त्यांना सरपंच केलं, आणि मग आला कोरोना.

सुभेदार म्हणाले, "ही पण लढाईच." मला पुन्हा गळ्यात घातलं. तुटक तुटक वाजले की घरात बसायचं. एकदा लांब वाजले की टेम्पोतून औषधं, किराणा आला, दारात यायचं. टेम्पो वैजनाथ चालवायचा. म्हातारी मुबारकबी तापानं फणफणली तेव्हा गल्ली लांबून बघत राहिली. सुभेदारांनी तिला उचलून टेम्पोत घातलं. बाया म्हणायच्या, "शिट्टी वाजली गं, आपला मानूस आला." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर पितळ चढायचं.

साथ ओसरली, निवडणूक लागली. सुभेदारांपुढं कोण उभं राहतंय, असंच जो तो म्हणायचा. उभा राहिला वैजनाथ.

राहीबाई म्हणाली, "आरं, माज्या हातची भाकर खाल्ली ना तू?"

"काकू, भाकर येगळी, राजकारन येगळं."

चिन्हं वाटायच्या दिवशी दोघंही तालुक्याला, पाथर्डीला गेले. निवडणुकीच्या साहेबांनी विचारलं, "कुठलं चिन्ह हवं?" सुभेदार म्हणाले, "द्या कुठलंबी. गाव मला तोंडावरनं ओळखतं." त्यांना कपबशी मिळाली. वैजनाथ हळूच म्हणाला, "मला शिट्टी." मी समोरच लोंबत होते. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्या आल्या सुभेदारांनी मला गळ्यातून काढलं. घालून फिरावं तर वैजनाथचाच प्रचार! एवढी जन्माची सोबत, आणि मी पडले ज्वारीच्या डब्यात. बाहेर त्याच टेम्पोतून प्लॅस्टिकच्या शिट्ट्या वाटल्या जात होत्या. चिरक्या मेल्या.

निकाल लागला. सुभेदार पडले. गुलाल उधळत, शिट्ट्या फुंकत मिरवणूक आमच्याच दारावरून गेली. मग सुभेदार राहीबाईला म्हणाले, "अगं, म्या गावाचं काय वाकडं केलं?"

तेवढ्यात दारातून मुबारकबीचा आवाज आला.

"सुभेदार, साखर आनलीय, तोंड गोड करा! शिट्ट्या वाजल्या तवाच म्हटलं, आपला मानूस निवडून आला."

"मत कुनाला दिलं, मावशी?" सुभेदारांनी विचारलं.

"कुनाला म्हंजी? शिट्टीला! आमाला कुठं वाचता येतंय? गल्लीतल्या समद्या म्हाताऱ्यांना बी म्याच सांगितलं, शिट्टीचं बटन दाबा."

राहीबाईला हसू फुटलं की हुंदका, मला डब्यात कळलं नाही. सुभेदार एवढंच म्हणाले, "लई चांगलं केलं, मावशी." आणि साखर खाल्ल्याचा आवाज आला.

म्हातारी गेली तसा डबा उघडला. त्यांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि गळ्यात घातलं. गाव आपलंच होतं. आपला नव्हता तो घरातला.

दुसऱ्या दिवशी नात मनवा म्हणाली, "आजोबा, मला पोलीस भरतीला पळवा की." तेव्हापासून रोज पहाटे मी ओरडायचे आणि पोरगी पळायची. पावसात पळाली, थंडीत पळाली, एकदा नापास होऊन रडत रडत पळाली. यंदा तिचं नाव लागलं.

त्या दिवशी सुभेदारांनी चौकात मला एकदा लांब वाजवलं. दारं उघडली. म्हाताऱ्या सवयीनं पिशव्या घेऊनच बाहेर आल्या.

"सुभेदार, काय आनलं?"

"पेढे! आमची मनवा पोलिसात लागली!"

ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर वैजनाथही आला होता. मनवानं त्याच्याही हातावर पेढा ठेवला. त्यानं खाली मान घालून खाल्ला. सुभेदारांनी त्याला माफ केलं असेल. मी नाही केलं. माझं तोंड त्यानं चोरलंय.

घरात आता सुख आहे. राहीबाईनं नातीची वर्दी सगळ्या गावाला दाखवली आहे. माझं मागणं एवढंच. बायांनो, पुढच्या वेळी बटन दाबायच्या आधी आपल्या माणसाचं चित्र कुठलं ते विचारा. चित्रातली शिट्टी वाजत नाही.