चार बोटं खाली

मी गव्हाची कोठी बोलतेय. पत्र्याची, कमरेइतकी उंच, पोटाला एक पोचा आणि झाकणाला मधोमध हात जाईल एवढं भोक. तुम्हाला घाई असेल तर पुढे जा, राग नाही. सतरा वर्षं किराणा दुकानात काढली आहेत. काही न घेता निघालेल्या माणसालाही "या परत" म्हणायची सवय लागली आहे.

जन्म माझा भद्रकालीतल्या पत्रेवाल्याच्या दुकानातला, १९९१ सालचा. गोटीरामशेठ मला घ्यायला आले तेव्हा त्यांनी आधी चारी बाजूंनी पेरांनी वाजवून पाहिलं, मग झाकण काढून आत डोकं घातलं आणि आतूनच भाव पाडायला सुरुवात केली. पत्रेवाला म्हणाला, "शेठ, बाहेर येऊन बोला, ऐकू येत नाही." शेठ आतूनच म्हणाले, "तू हो म्हण, मग येतो." टेम्पोतून सिडकोला येताना द्वारका चौकाच्या वळणावर मी घरंगळले. पोचा तेव्हाचा. शेठनी तो कधी सरळ केला नाही. गिऱ्हाइकाला दाखवून म्हणायचे, "आमच्या दुकानात खोट एवढीच. बाकी माप चोख."

शेठ मूळचे सिन्नरकडचे. शाळा तिसरीत सुटली. वाचायला शिकले ते पुड्या बांधता बांधता, रद्दीच्या कागदावरून. त्यामुळे त्यांना शेकडो बातम्या पाठ होत्या, पण एकीचाही शेवट माहीत नव्हता. कागद नेमका तिथेच फाटलेला असायचा. गिऱ्हाइकालाच विचारायचे, "तो पुढारी सापडला का हो शेवटी?" आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "शेठ, ती दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

आमची गल्ली कामगारांची. अंबडच्या कारखान्यांच्या भोंग्यावर घड्याळं लावणारी माणसं. दर महिन्याला माझ्या पोटातून गहू मोजून जायचे, मी पुन्हा भरायची. दिवस बरे होते.

मग १९९७ साली अंबडमधल्या एका कंपनीच्या गेटला कुलूप लागलं, आणि पुढच्या वर्षी आणखी एकीच्या. पेपरात ते यायच्या आधी आम्हाला दुकानात कळलं होतं. महिन्याला वीस किलो नेणारं घर दहावर येतं. मग आठवड्याला दोन किलो. मग रोज संध्याकाळी अर्धा किलो, तेही बाकीचे लोक निघून जाईपर्यंत फळीपाशी घुटमळत. आणि मग ते घर दिसेनासंच होतं.

गल्लीतल्या बालवाडीच्या शुभांगीताई एक दिवस दुकानात आल्या आणि पिशवी फळीवर ठेवून म्हणाल्या, "शेठ, माझ्याकडे दोन मुलं दहा वाजताच आडवी होतात. मला वाटलं, पेंगतात. ती झोप नाही हो." शेठनी हातातली साखरेची पुडी सोडून पुन्हा बांधली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही घ्या. हिला बाहेर ठेवू."

अशी मी दुकानाबाहेर, दुधाच्या केंद्राशेजारी आले. ठरलं असं: सकाळी दूध न्यायला येताना प्रत्येक घराने एक मूठ गहू आणायचे आणि माझ्यात टाकायचे. कोणाची मूठ आली ते शुभांगीताई शेजारी उभ्या राहून नावांच्या कागदावर टिपायच्या. चिमण्या आणि उंदीर शिरू नयेत म्हणून शेठनी भोकाला आपल्या जुन्या चॉकलेटी पँटीचा एक पाय कापून शिवला. त्या बाहीतून मूठ आत घालायची, उघडायची, हात बाहेर काढायचा. बायका हसायच्या. "शेठ, कोठीला पँट नेसवली, आता सदराही शिवा!"

रविवारी गल्लीतल्या चार-पाच जणी मला रिकामी करायच्या, गहू पाखडायच्या, पिशव्या भरायच्या आणि गरजू घरी पोचवायच्या. गरजू घर ओळखायची युक्ती शेठचीच. "विचारत बसलो तर कोणी सांगणार नाही. ज्या घराची मूठ तीन दिवस आली नाही, त्या घरी पिशवी द्यायची." ही युक्ती सगळ्यांना इतकी आवडली की शेठ आठवडाभर कॉलर ताठ करून बसले होते. मलाही आवडली होती. खोटं कशाला बोलू?

पिशव्या पोचवण्यात सगळ्यात पुढे असायच्या सिंधुबाई. त्याही सिन्नरकडच्या, पंचेचाळिशीच्या, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे घड्याळ लावावं. त्यांचे यजमान वाल्मीक कंपनीत मशीनवर होते, एकुलती लेक वणीला दिलेली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सिंधुबाई निघायच्या तेव्हा शेठ म्हणायचे, "एस.टी. निघाली, बाजूला व्हा!"

एका रविवारी त्या पिशव्या देऊन परत आल्या, तर आवाज बसलेला. नळावर पाहिलेलं सांगत होत्या. ज्या बाईला गेल्या आठवड्यात पिशवी दिली होती, तिने हंडा लावला तर मागची एकजण म्हणाली, "तुझं काय बाई, तुला तर घरपोच." ती बाई हंडा तिथेच ठेवून घरी गेली.

"लोक बोलतात, ताई," शेठ म्हणाले. "चार दिवस बोलतील."

"तिला नाय ना चार दिवस," सिंधुबाई म्हणाल्या. "तिला जल्मभर त्याच नळाला यायचंय."

पुढल्या वर्षी वाल्मीकरावांची कंपनी बंद पडली.

सिंधुबाई मूठ टाकायला येतच होत्या. आधी भरलेली मूठ यायची. मग अर्धी. आणि श्रावणातल्या एका गुरुवारी त्यांची मूठ बाहीतून आत आली, घट्ट मिटलेली, आणि माझ्या पोटात उघडली. काहीही पडलं नाही.

पत्र्यावर दाणे पडले की आवाज होतो, पण माझ्यात गहू असले की गव्हावर गव्हाचा आवाज फार नसतो. बाहेर कोणाला काही कळलं नाही. शुभांगीताईंनी कागदावर त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. शेठ म्हणाले, "राम राम, ताई." मला एकटीला माहीत होतं, आणि मी पत्रा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. न येऊन त्यांना चालणार नव्हतं. तीन दिवस आल्या नसत्या तर चौथ्या दिवशी त्यांच्याच मैत्रिणी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या असत्या. दुकानात खरेदीला येणं मात्र त्यांनी बंद केलं. दूधही घेत नव्हत्या. नुसत्या माझ्यापर्यंत यायच्या आणि जायच्या.

शेठना ते खटकलं, पण व्यापाऱ्यासारखं खटकलं. बस डेपोकडे नवं मोठं दुकान निघालं होतं. एका सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी टोकलंच. "काय सिंधूताई, आमचे गहू आता गोड लागत नाहीत वाटतं? डेपोकडं चाललंय का जाणं-येणं?"

सिंधुबाईंचा हात माझ्यातच होता. रिकामी मूठ आणखी घट्ट मिटली. पण बाहेर आवाज तोच, दोन गल्ल्या जाणारा. "तुमच्या गव्हात खडे लय, भाऊ! दाढ गेली माझी!"

सगळे हसले. शेठही हसले, पण ते त्यांना लागलं. त्या दुपारी त्यांनी एक पोतं गहू काढले, दोनदा चाळून घेतले, स्वतः चष्मा लावून एकेक खडा वेचला आणि दहा किलो वेगळ्या डब्यात भरून ठेवले. मुलाला म्हणाले, "ज्ञानेश, हे सिंधूताईंचे. त्या आल्या की दाखव." तो डबा फळीवरून हलला नाही.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सिंधुबाईंचा हात आत आला तो मिटलेला नव्हता. बोटं उघडी होती. आठवड्याचे गहू साठून माझी पातळी शनिवारी सगळ्यात वर यायची. बोटं खाली खाली आली, मनगट, मग कोपर बाहीत रुतलं, बाहीची शिवण ताणली. बाहीत अडकून कोपराकडे सरकलेली हिरवी बांगडी भोकाच्या काठाला लागून फुटली. बोटांची टोकं गव्हापासून चार बोटं वर थांबली होती. मला तेव्हा एकच गोष्ट करायची होती, तळ वर उचलायचा. पत्र्याला ते येत नाही.

बाहेर कोणीतरी म्हणालं, "सिंधूताई, झालं का? मागे रांग आहे." हात निघून गेला.

रविवारी पाखडताना शुभांगीताईंना काचेचा हिरवा तुकडा सापडला. "कोणाची हो ही बांगडी?" त्या हसत म्हणाल्या. "मूठ टाकायचीसुद्धा केवढी घाई!" कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून शेठनी तुकडा पैशाच्या गल्ल्यात टाकला. सिंधुबाई समोरच सुपात गहू घोळवत बसल्या होत्या. त्यांनी पदर मनगटावर ओढला. चहाबरोबर आलेलं पाव-बटर त्यांनी खाल्लं नाही. घरी न्यायला पदरात बांधलं. शेठनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, उपास असेल.

त्यानंतर बरोबर बाराव्या दिवशी, सकाळी सहा-साडेसहाला, सिंधुबाईंची मूठ माझ्यात आली आणि उघडलीच नाही. सगळं वजन एकदम माझ्यावर आलं. मी तिरकी झाले, पण पडले नाही. त्या माझ्या अंगावरून घसरत खाली बसल्या, हात बाहीत अडकलेला तसाच.

शेठ फळी ओलांडून धावले. त्यांनी बाही टराटरा उसवली, हात बाहेर काढला. मूठ घट्ट होती. ती त्यांनी एकेक बोट करून सोडवली. भोवती आठ-दहा माणसं होती, दुधाच्या पिशव्या हातात. सगळ्यांनी ती उघडी मूठ पाहिली.

"ताई," शेठ म्हणाले. "ताई, खडे काढून ठेवलेत मी. दोनदा चाळलेत. ताई."

रिक्षातून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी कळलं की गेल्या.

वाल्मीकराव तेराव्यानंतर दुकानात आले आणि पोत्यावर बसून एकटेच बोलत राहिले. "मी म्हणलो होतो शेठ, आपल्या दारात पिशवी आली तर मी घर सोडून जाईन. रागात म्हणलो. मला मिळेल तेवढी मजुरी मी आणत होतो. ती मला वाढायची अन् म्हणायची, मी मघाशीच खाल्लं. मी इचारलं नाय. पोट भरल्यावर कोण इचारतंय?"

वाल्मीकराव गेल्यावर शेठनी शुभांगीताईंच्या हातातला नावांचा कागद घेतला आणि त्याची पुडी बांधली. पुडीत काही नव्हतं. मग गल्ल्यातून तो हिरवा तुकडा काढला, माझ्या भोकाच्या काठाला लावून पाहिला आणि आत हात घालून किती वेळ चाचपत राहिले. ताई घ्यायला आल्या होत्या आणि हात पुरला नव्हता, हे त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पोटात, तळाशी विटा रचल्या, वर लाकडी पाट टाकला आणि फळीवरचा तो दहा किलोचा डबा आधी माझ्यात ओतला. मग आपल्या पोत्यातले गहू पार भोकापर्यंत भरले. नवी बाही शिवली, पहिलीपेक्षा सैल. लोकांना एवढंच सांगितलं, "रोज सगळ्यांनी हात घालायचा. कोणी भरून आणेल, कोणी भरून नेईल. बाहेरून हात सारखाच दिसतो. माझ्या दुकानासमोर कोणी मुठीकडे बघायचं नाही."

पहिला रिकामा आलेला हात वाल्मीकरावांचाच होता. तो आत आला, गव्हाला लागला आणि थांबला. मूठ भरली. मग सोडली. पुन्हा भरली. तेवढा वेळ शेठ पाठ करून साखर तोलत होते, आणि गिऱ्हाईक कोणीच नव्हतं.

आठ वर्षं मी तशी उभी होते. काही आठवड्यांत जेवढं आलं त्याहून जास्त गेलं, तेव्हा उरलेलं शेठनी भरलं. पुढे घरोघर पिठाच्या तयार पिशव्या येऊ लागल्या. मूठभर गहू असणारी घरंच कमी झाली. शुभांगीताईंची बदली झाली. शेठचे गुडघे गेले. ज्ञानेशने दुकानात मोबाइलचं रिचार्ज सुरू केलं, आणि काचेच्या कपाटाला जागा हवी म्हणून मला मागच्या बोळात नेलं. बाही उंदरांनी खाल्ली. उद्या भंगारवाला येणार आहे.

माझ्या तळाच्या सांध्यात बांगडीचा आणखी एक बारीक तुकडा अडकलेला आहे. तो कोणाला सापडला नाही. भंगारवाला मला उचलेल तेव्हा तो वाजेल.

माझ्यासाठी काही मागत नाही. पत्रा आहे, वितळेन, दुसरं काहीतरी होईन. पण तुमचं रोजचं एखादं माणूस यायचं थांबलं, तर ते दुसऱ्या दुकानात गेलं असं लगेच धरून चालू नका. आणि हसून तुमचीच थट्टा करून गेलं, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जा. काहीतरी निमित्त काढा. गहू निवडून ठेवलेत म्हणा. डबा फळीवर ठेवून वाट बघू नका.

बरं, या आता.