सूर्यास्तानंतरचं पथ्य

आमच्या दुकानातलं चरबी उतरवायचं चूर्ण मीच भाजते. जिरं, ओवा, बडीशेप, जराशी सुंठ, वर सैंधव. यातलं चरबीला काय लागू पडतं म्हणाल, तर काहीच नाही. हे मला ठाऊक, आमच्या ह्यांना ठाऊक, आणि बारा वर्षं दोघांच्याही तोंडाला कुलूप. चूर्णासोबत मुगाचं पाणी आणि एक फुलका एवढंच खाऊन कोणीही बारीक होईल, पण कौतुक चूर्णाचं. एकदा मी टोकलं तेव्हा हे म्हणाले, "अपाय तर नाही ना? मग झालं."

ह्यांचं नाव रुपचंद. जळगावच्या बाजारात आमचं जडीबुटीचं दुकान तिसऱ्या पिढीचं. पथ्याशिवाय लोकांचा औषधावर विश्वास बसत नाही, म्हणून ह्यांनी पुडीत चिठ्ठी घातली. पथ्य कुठून आणणार? घरातलंच छापलं. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. चिठ्ठीतही तेच: चूर्ण चालू असेतो सूर्यास्तानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये.

मागच्या गल्लीत हसीनाबी शिवणकाम करते. ऐन रमजानात, तिच्याकडे ईदच्या कपड्यांचा ढीग पडलेला असताना, मी माझा ब्लाउज मागायला गेले. मलाही वेळकाळ कळत नाही, हे आमच्या ह्यांचं म्हणणं खरंच आहे. तिची लेक जीनत हुक लावत बसली होती. ब्लाउज द्यायला उठली आणि माझ्या अंगावरच कोसळली. वीस वर्षांची पोर, हाताला लागली ती नुसती हाडं.

शेजारच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. साखर फार खाली गेली होती. त्यांनी ग्लुकोज दिलं, त्या दिवसाचा रोजा मोडला. "संध्याकाळी जेवतेस ना नीट?" त्यांनी विचारलं. जीनतने तोंड भिंतीकडे वळवलं.

"ही ताट घेऊन मशीनवर बसते, मॅडम," हसीनाबी म्हणाली. "ईदचं काम डोक्यावर, मी कुठे पाहून राहिले?"

ती डॉक्टरीणबाईंना सोडायला गेली. मी जीनतची उशी नीट करायला घेतली, तर खालून पुडी निघाली. आमचीच. मग पोरीने सगळं सांगितलं. ईदनंतर तिचं लग्न, सासर धुळ्याला देवपुरात. मंगनीच्या दिवशी जुनैदची, म्हणजे नवऱ्या मुलाची, मामी म्हणाली होती, "खात्यापित्या घरची दिसते पोरगी." सगळे हसले होते. तेव्हाच हिने मैत्रिणीकरवी पुडी मागवली. दिवसभर रोजा, आणि दिवस मावळला की आमची चिठ्ठी. म्हणजे खजुराचा एक तुकडा आणि पाणी. पहाटे अर्धी रोटी. असे सोळा दिवस.

"सोड ते चूर्ण," मी म्हणाले.

"नाही काकू. सहा किलो उतरले. गुण आहे त्याला."

तिथेच खरं सांगायचं होतं. जीभ रेटली नाही. उद्या गल्लीत तोंड कसं दाखवायचं हा विचार आधी आला, पोरीचा नंतर. त्याची मला अजून लाज वाटते.

घरी ह्यांना सांगितलं. "आपल्या चूर्णाने कसं होईल?" हे म्हणाले. "त्यात आहेच काय?"

"हेच तिला सांगायचंय."

"बाजारात अब्रू जाईल."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते."

हे उठून चपला शोधू लागले.

आम्ही पोचलो तेव्हा अजान होऊन गेली होती. जीनतने खजुराचा तुकडा तोंडात टाकून ताट बाजूला सारलं होतं. हे दारातच बोलले. "बेटा, त्या पुडीत नुसतं जिरं-ओवा आहे. चिठ्ठीत लिहिलंय ती आमच्या घरची रीत, औषध नाही. तुझं वजन उपासमारीने उतरलं. चूक माझी. उद्यापासून ते चूर्ण दुकानात नसेल, आणि ज्यांनी ज्यांनी नेलं त्यांना मी स्वतः सांगणार आहे."

हसीनाबीने माझ्याकडे पाहिलं. "भाभी, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

तिने मान फिरवून मशीनवरच्या कापडाची घडी घालायला घेतली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जीनतचे डोळे भरले होते, पण राग त्याहून मोठा. "मला खा म्हणता. आणि तुम्ही? रात्री खात नाही म्हणूनच असे सडपातळ आहात ना, काका?"

"माझा बापही काटकुळाच होता," हे म्हणाले. "आणि तो नेमबिम न पाळता रात्री दोनदा जेवायचा."

ती हसली नाही. तेव्हा हे खाली बसले, तिच्या ताटातला एक खजूर उचलला. चाळीस वर्षांचा नेम. मी "अहो" म्हणेपर्यंत तोंडात गेलासुद्धा. "आपल्या साधू महाराजसाहेबांकडे नेम मोडल्याचं प्रायश्चित्त मागून घेईन," हे मला म्हणाले. "तू खा, बेटा. डॉक्टरीणबाई सांगतील तसं, थोडं थोडं."

जीनत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने ताट जवळ ओढलं, केळ्याची एक फोड खाल्ली, दुसरी उचलली, आणि पाण्याचा पेला ह्यांच्याकडे सरकवला.

"हळू चावा, काका," ती म्हणाली. "बी असते त्यात."