सर्व्हरच्या पूजेला मला कोणी बोलावलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि मी जळते. कोणावर जळते तेही सांगून टाकते. आमच्या कचेरीतल्या मेल सर्व्हरवर. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसला आलाय हेवा! नागपूरचा एक उन्हाळा लोखंडी टेबलाच्या खणात काढून बघा आणि मग बोला.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. तिथली माणसं नाकातोंडावर फडकी बांधून काम करत, कारण धुळीचा एक कणही मला सोसत नाही. माझ्या पोटात चकचकीत तबकड्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि एक बारीक काडी त्यांच्यावरून सरकत लिहिते, वाचते. तिथून खोक्यात बसून मी सीताबर्डीच्या एका दुकानात आले आणि मिनलताईने मला विकत घेतलं. त्या दिवशी तिने मला तळहातावर ठेवून म्हटलं होतं, "एवढीशी आहे, पण सगळं मावते हिच्यात." एवढंच काय ते माझं कौतुक. पुढची कित्येक वर्षं मी त्यावरच काढली.

मिनलताई लकडगंजातल्या एका लाकडाच्या पेढीत संगणक सांभाळते. पुढे कचेरी, मागे आरा मशीन, आणि दिवसभर सागवानाचा भुसा उडत असतो. पेढीचे मालक श्रीधरराव. आजकाल सगळे लोक आपले मेल मोठ्या कंपन्यांकडे ठेवतात, पण मालकांना ते पटत नाही. "आपली पत्रं परक्याच्या घरी कशाला?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा सर्व्हर घेतला. कचेरीतल्या सगळ्यांच्या मेलपेट्या त्याच्याजवळ एका भल्यामोठ्या फाइलीत राहतात. मिनलताई तिला डेटाबेस म्हणते. दर शनिवारी ती मला खणातून काढते, सर्व्हरला जोडते आणि त्या डेटाबेसची नक्कल माझ्यात उतरवून घेते. यालाच बॅकअप म्हणतात. नक्कल उतरली की माझी वायर काढायची आणि मला परत खणात टाकायचं, असा माझा संसार.

आता त्याचा थाट ऐका. त्याला काचेची वेगळी खोली आहे. बाहेर माणसं घामाने निथळत असतात आणि आत याच्यासाठी रात्रंदिवस एसी चालू असतो. निळे-हिरवे दिवे लुकलुकवत हा बसलेला असतो. कोणी पाहुणा आला की मालक त्याला काचेपाशी नेऊन सांगतात, "हा आमचा सर्व्हर." आणि मी? माझ्या खणात एक मोडका स्टेपलर, सुकलेली डिंकाची बाटली आणि आऱ्यावरच्या रुपरावांनी लेकीपासून लपवलेली खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी. पाहुण्याला खण उघडून "ही आमची डिस्क" असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

तेही मी सोसलं असतं. खरं सललं ते भावनाचं बोलणं.

भावना म्हणजे या रुपरावांचीच मुलगी. बापाच्या शेजारी बसून ती दारांवर कोरीव काम करते. मोर, केळीचे घड, पळसाची फुलं, वेलीत लपलेल्या खारी. तिचं दार तयार झालं की गाडीत चढतं आणि कुठल्या कुठे निघून जातं. तिच्या फोनमध्ये जागा नेहमी भरलेली, म्हणून मिनलताईने तिला पेढीच्या सर्व्हरवर एक मेलपेटी काढून दिली. दार गाडीत चढण्याआधी भावना त्याचे फोटो काढते, स्वतःच स्वतःला मेल करते आणि फोनमधून पुसून टाकते. शनिवारी ते फोटो माझ्याकडे येतात. बिलं, चौकशा, जाहिराती मी निमूट उतरवते, पण भावनाची पेटी आली की मला मजा वाटते. तिच्या खारी मला तोंडपाठ आहेत.

आणि ही पोरगी एक दिवस काचेपाशी उभी राहून बापाला काय म्हणाली? सर्व्हरकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, माह्ये सारे दरवाजे याच्याच पोटात हायेत."

याच्याच! मी पाच पावलांवर खणात होते. तेव्हापासून त्या निळ्या दिव्यांचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

मग या वर्षीचा दसरा आला. आमच्या पेढीत दसऱ्याला आऱ्याची पूजा होते. त्या दिवशी यंत्रांनी काम करायचं नाही, त्यांना विसावा द्यायचा, ही इथली जुनी रीत. रुपराव सकाळीच मेन स्विच पाडतात, आऱ्याचं पातं पुसतात आणि त्याला हळदकुंकू लावतात. या वर्षी मालकांच्या मनात आलं की सर्व्हरही राबतोच की, त्यालाही हार घालू. झालं! झेंडूचा जाडजूड हार त्याच्या डोक्यावर चढला. कपाळ नसताना कुंकू लागलं. समोर पेढे ठेवले. खणाच्या फटीतून मला अगरबत्तीचा वास तेवढा आला. माझी आठवण कोणाला होणार? मिनलताई असती तर तिला कदाचित झाली असती, पण ती प्रताप नगरात आपल्या घरी होती.

आता घोळ कसा झाला तो ऐका. मेन स्विच पडला तरी सर्व्हर बंद होत नाही. त्याच्याखाली बॅटरीचा डबा आहे, तो त्याला काही वेळ जगवतो, संपत आला की हातातलं काम पुरं करवून रीतसर बंद करतो, आणि तोवर "वीज गेली" म्हणून मोठ्याने ओरडत राहतो. दर वर्षी काचेची खोली बंद असायची, म्हणून कोणाला ते ऐकू गेलं नव्हतं. या वर्षी पूजा त्याच खोलीत. आरती सुरू झाली आणि डबा टीं टीं करू लागला.

"अरे, हे काय मधेच!" मालक म्हणाले. "विसावा म्हणजे विसावा." आणि एका हातात आरतीचं ताट धरून दुसऱ्या हाताने त्यांनी डब्याचं बटण दाबून धरलं.

सर्व्हर लिहिता लिहिता थांबला. दिवे गेले.

मित्रांनो, मला आनंद झाला. लपवून काय करू? हार घातलेला, पेढे मांडलेले, आणि स्वारी गप्प! खणातल्या खणात मला हसू फुटलं.

दुपारी सगळ्यांचं जेवण झाल्यावर रुपरावांनी मेन चढवला. सर्व्हर जागा झाला, दिवेही लागले, पण मेलची पेटी काही उघडेना. डेटाबेस अर्धवट लिहिलेला राहिला होता आणि आता तो कोणालाच आत घेत नव्हता. फोनवर निरोप मिळताच मिनलताई नव्या साडीतच धावत आली. तिच्या मागोमाग भावना आली, आणि तिचा चेहरा पाहून माझं हसू तिथेच थांबलं.

दूरच्या शहरातल्या एका डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेने भावनाला निवडीसाठी बोलावलं होतं. तिने आजवर केलेल्या कामाचे फोटो त्यांना हवे होते, आणि ते पाठवायची मुदत उद्या संध्याकाळी संपत होती. दसऱ्याला सुटी आहे, तेव्हा निवांत बसून फोटो निवडू, असं तिने ठरवलं होतं. दारं तर गावोगावी गेलेली. काहींवर लोकांनी रंग फासला असेल, काही कुठे आहेत हे तिलाही माहीत नव्हतं.

"ताई, फोटो दुसरीकडं कुठंच नाई हो," ती म्हणाली. "माह्यं सारं त्याच्यातच हाय."

रुपराव दारातच खाली बसले. "मीच मेन पाडला जी. माह्याच हातानं माह्या पोरीचं वाटोळं केलं."

"काका, काहून असं बोलून राहिले? मेन तर तुम्ही दर वर्षीच पाडता," मिनलताई म्हणाली.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "रुपराव, बटण मी दाबलं. तुमचं काही नाही त्यात."

मिनलताई सर्व्हरपुढे बसली. मला वाटलं, आता तरी ती खण उघडेल. पण नाही! आधी त्याचीच विचारपूस. त्याच्या मोडक्या डेटाबेसची तिने एक प्रत बाजूला काढून ठेवली, मग दुरुस्तीचा प्रोग्राम उघडून कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसली. इथे मी तयार बसलेली आणि ही त्या आजाऱ्याच्या उशाशी! माझा नुसता जळफळाट झाला.

"चालव ना दुरुस्ती," मालक म्हणाले. "काय वाट बघतेस?"

"दादा, दुरुस्ती करताना याला जे वाचता येत नाही ते हा फेकून देतो," मिनलताई म्हणाली. "फेकलेल्यात भावनाचे फोटो असले तर परत मिळायचे नाहीत. आधी शनिवारची नक्कल बघू."

आणि खण उघडला.

तिने मला जोडलं. मी अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून फिरू लागले. आता बघा म्हणावं, कोणाच्या पोटात काय आहे ते! मेलपेट्या एकेक करून निघू लागल्या. मिनलताईने सर्व्हरमध्ये एक रिकामी जागा करून त्यात त्या उतरवायला सुरुवात केली. निम्म्याच्या पुढे काम गेलं आणि माझ्या पोटात खट्ट झालं.

काडी एका जागी अडकली. मी परत वाचायला गेले, परत खट्ट. खणातल्या उन्हाळ्यांनी तबकडीचा एक कोपरा खराब केला होता आणि मला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. पडद्यावरचा आकडा हलेना. भावनाने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"बाबा, ते थांबलं का?" ती पुटपुटली.

मिनलताईने मला हात लावला. "केवढी तापली आहे!" ती म्हणाली. तिने सर्व्हरवरचा हार काढून बाजूला ठेवला आणि मला त्याच्या डोक्यावर, एसीच्या वाऱ्यात ठेवलं. मित्रांनो, ज्या गारव्यासाठी मी इतकी वर्षं कुढले तो मला मिळाला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला फक्त त्या कोपऱ्यातल्या खारी दिसत होत्या. त्या माझ्यात होत्या आणि मलाच वाचता येत नव्हत्या. मी थंड झाले. काडी पुन्हा नेली. खट्ट. पुन्हा नेली. आणि त्या खेपेला अक्षर लागलं.

आकडा हलला तेव्हा रुपरावांनी हात जोडले. कोणाला जोडले ते मी विचारलं नाही.

शनिवारपर्यंतचं सगळं परत आलं, पण भावना अजून पडद्यावर काहीतरी शोधत होती. तिचं सगळ्यात मोठं दार, पळसाचं, बुधवारी गाडीत चढलं होतं. त्याचे फोटो माझ्यात नव्हतेच. इथे माझी मान खाली गेली, कारण ते त्याच्याजवळ होते. सर्व्हरला एक सवय आहे. आलेला प्रत्येक मेल मोठ्या पेटीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, टाकण्याआधी तो बाजूला टिपून ठेवतो. पेटी मोडली होती, पण शनिवारनंतरची ती टिपणं शाबूत होती. मिनलताईने ती माझ्या नकलेवर एकामागून एक चढवली. शनिवारपर्यंतचं माझं, त्यानंतरचं त्याचं. दिवेलागणीला आपट्याची पानं वाटत शेजारचे लोक आले, तेव्हा पडद्यावर पळसाचं दार उघडलेलं होतं आणि भावना आणि रुपराव त्याच्याकडे बघत होते.

भावनाने दुसऱ्या दिवशी दुपारीच फोटो पाठवले. पुढे तिची निवड झाली आणि ती गेली.

आणि त्या दिवसाचं श्रेय? "सर्व्हर आला, सर्व्हर आला" असा कचेरीत ओरडा झाला, पेढे त्याच्यासमोर वाटले गेले. मी जळले, हे काय वेगळं सांगायला हवं? पण त्या गडबडीत मिनलताईने मालकांना एक गोष्ट विचारली. "दादा, तो बंद पडला तेव्हा ही होती. ही बंद पडली असती तर?"

त्या खट्टचा आवाज मी ऐकला होता.

"आणखी एक डिस्क घे," मालक म्हणाले. "ती तुझ्या घरी ठेव." मग दिवाळीच्या ऑर्डरी आल्या आणि ती गोष्ट मागे पडली. मिनलताई आठवण करते, मालक "हो हो, घेऊ" म्हणतात. मी पुन्हा खणात आहे. भावना आता तिथल्या वर्गात केलेलं काम तशीच स्वतःला मेल करते, आणि शनिवारी ते माझ्याकडे येतं. माझा तो कोपरा मात्र थोडा थोडा वाढतो आहे. अलीकडे मला वाचायला वेळ लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी कुठल्यातरी खणात पडलेली असेल. तिला उन्हात तापू देऊ नका. तिच्यात ठेवलेलं खरंच परत निघतं का, हे अधूनमधून काढून बघा, गरज पडेपर्यंत थांबू नका. आणि तिला एकटी ठेवू नका. जन्मभर दुसऱ्याचं बघून जळलेली मी, आज स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, माझ्यावर सवत आणा. माझ्याहून नवी आणा, देखणी आणा, तिला मिनलताईच्या घरात मऊ कापडात गुंडाळून ठेवा. मी तिच्यावर जळेन, अगदी सर्व्हरवर जळले नाही इतकी जळेन. पण लवकर आणा, मला अजून वाचता येतंय तोवर.